तेलाचे साठे आणि कागदावरचे आकडे

जमिनीखालचे तेल कोणी डोळ्यांनी पाहून मोजत नाही. विहिरीतला दाब, खडकाची सच्छिद्रता आणि चालू भाव यांवरून किती तेल वर काढता येईल याचा अंदाज बांधतात. त्यालाच ‘सिद्ध साठा’ म्हणतात. शेअर बाजारात असलेल्या कंपनीला हा अंदाज नियामकांपुढे ठेवावा लागतो. देशाला मात्र कोणी जाब विचारत नाही.

याचा प्रत्यय 1980 च्या दशकात आला. भाव उतरू लागले तेव्हा ‘ओपेक’ने सभासद देशांच्या उत्पादनावर कोटा घातला. कोटा ठरवताना साठ्यांचाही विचार व्हावा, असा आग्रह होता. लवकरच कुवेतचा साठा सुमारे 65 अब्ज पिंपांवरून 90 अब्जांवर गेला. पाठोपाठ इराण, इराक, अबुधाबी, व्हेनेझुएला यांचे आकडे फुगले. दशकअखेर सौदी अरेबियाही सुमारे 170 अब्जांवरून 255 अब्जांवर पोहोचला. एवढ्या वाढीला साजेसे नवे शोध मात्र लागले नव्हते. पुढे संयुक्त अरब अमिरातींनी तर वर्षानुवर्षे 97.8 अब्ज हाच आकडा दिला. रोज उपसा होऊनही विहीर भरलेलीच!

दुसरी बाजूही सांगायला हवी. राष्ट्रीयीकरणापूर्वी परकीय कंपन्यांनी आकडे हात राखून दिले होते, असे काही जाणकार मानतात. सौदी अरेबियाने 2019 च्या जानेवारीत अमेरिकी तज्ज्ञसंस्थेकडून तपासून घेतलेला आकडा जाहीर केला, तो सुमारे 263 अब्जांचा निघाला. म्हणजे प्रत्येक वाढ खोटी ठरवता येत नाही. पण तोवर तीस वर्षे जगाने नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला.

तपासणी असली की काय होते, हे 2004 मध्ये दिसले. ‘शेल’ कंपनीला आपल्या सिद्ध साठ्यातला पाचवा हिस्सा वगळावा लागला, अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि अमेरिका व ब्रिटनमध्ये दंड भरावा लागला.

कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 पासून आम्हा बडोदेकरांच्या शेजारी आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 80 टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. उत्सवाच्या वर्गणीचा जमाखर्चही आपण तपासनिसाच्या सहीशिवाय सभेपुढे मांडत नाही. मग ज्या आकड्यांवर देशोदेशींचे उद्याचे बेत उभे आहेत, त्यांच्याखाली कोणाची सही आहे, हे विचारायला नको का?