सोपाऱ्याचा करंडक

स्लाऊला पाहुणे आले की आम्ही त्यांना ब्रिटिश म्युझियममध्ये नेतो आणि बिमारानचा सुवर्णकरंडक हटकून दाखवतो. जलालाबादजवळच्या स्तूपातून चार्ल्स मॅसन याने १८३० च्या दशकात काढलेले हे पात्र जेमतेम सात सेंटिमीटर उंच आहे. लाल खडे जडवलेले, कमानींखाली तथागत उभे. झाकण नाही, आत काही नाही. महाराष्ट्रात असे काही सापडले का, असा प्रश्न मग येतोच. सापडले आहे, आणि आमच्या मते ते अधिक बोलके आहे.

नालासोपाऱ्याच्या एका टेकाडाला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा तो कोट नसून विटांचा स्तूप असल्याचे दिसले. गाभ्यात गोल दगडी पेटी होती. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक आणि सभोवती कांस्याच्या आठ मूर्ती: सात मानुषी बुद्ध व मैत्रेय. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे.

आणि त्या सोन्याच्या करंडकात? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असल्याची श्रद्धा त्यांमागे असावी, असे इंद्रजींनी मानले. पाच आवरणांतून मोल वाढत जाते आणि शेवटी हाती येते ती खापरी! सोनार कोण, हे कोणी लिहून ठेवले नाही. पण आपले काम कशासाठी आहे, हे त्याला नेमके ठाऊक होते.

नाणे दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे मध्ये केव्हातरी स्तूप उघडला गेला, मूर्ती ठेवल्या गेल्या आणि तो पुन्हा बंद झाला. उघडणाऱ्यांनी सोने नेले नाही.

राहता राहिला बुरुड राजा. बुरुड म्हणजे टोपल्या, सुपे विणणारे; आज अनुसूचित जातींच्या यादीत असलेले. दंतकथेला आम्ही इतिहास म्हणणार नाही. तरीही स्तूपाचे नाव विसरलेल्या गावाने तो ढिगारा बांबूकाम करणाऱ्याच्या नावे ठेवावा, ही नोंद करंडकाच्या वर्णनातून गाळली जाऊ नये.

अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले, स्तूप जागेवरच आहे. सुटीत मायदेशी जाणाऱ्यांनी दोन्ही पाहावे. सोसायटीत मात्र आधी चौकशी करून जावे.