गुन्ह्याची नोंद : तिचा इतिहास आणि तिची मर्यादा

भाडेकरू ठेवावयाचा असो, मुलीसाठीं स्थळ पाहावयाचें असो, कीं घरकामास माणूस नेमावयाचा असो, गृहस्थाच्या मनांत एक प्रश्न हटकून येतो : ‘या मनुष्यावर पूर्वीं कांहीं खटला झाला आहे काय, आणि तें पाहावयास कोठें मिळेल?’ प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्यामागें दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्याखेरीज मिळालेल्या उत्तराचा अर्थ नीट लागत नाहीं.

पूर्वीं नोंदी नव्हत्या असें नाहीं. कोर्टाच्या व तुरुंगाच्या वह्या होत्याच. अडचण होती ती नांवाची. एका गांवीं शिक्षा भोगलेला इसम दुसऱ्या गांवीं नांव बदलून उभा राहिला, कीं वही मुकी होई. पॅरिसच्या पोलीस कचेरींतील आल्फोन्स बर्तियों या कारकुनानें १८७९ च्या सुमारास यावर तोड काढली : कैद्याच्या शरीराचीं अकरा मापें घ्यावयाचीं व त्यांवरून त्याला ओळखावयाचें. परंतु मापणाऱ्याचा हात बदलला कीं माप बदले.

खरा उपाय निघाला तो आपल्याच देशांत. १८५८ मध्यें बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या मक्तेदाराकडून रस्त्याच्या कामाच्या करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढें सही नाकारण्याची छाती होऊं नये, एवढाच त्याचा हेतु. परंतु त्यांतूनच बोटांच्या ठशांचा अभ्यास सुरू झाला. प्रश्न उरला तो हजारों ठशांतून हवा तो ठसा शोधण्याचा. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं काम करणारे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं तो सोडविला. दहा बोटांच्या पांच जोड्या करून, ठशांतील भोंवऱ्यांच्या जागेवरून सर्व ठसे १०२४ कप्प्यांत वांटतां येऊं लागले. १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची कचेरी उघडली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डानें ही पद्धति स्वीकारली ती त्यानंतर, १९०१ मध्यें. तिला नांव मात्र हेन्रींचें मिळालें. हक व बोस यांचें श्रेय बराच काळ पडद्याआड राहिलें.

या कचेरीची कसोटी लवकरच लागली. १८९८ मध्यें जलपैगुडी जिल्ह्यांतील एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटींतील बंगाली पंचांगावर अंगठ्याचा पुसट डाग आढळला, व तो पूर्वीं चोरीबद्दल शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या ठशाशीं जुळला. तरी कोर्टानें त्याला चोरीबद्दलच दोषी धरलें, खुनाबद्दल नाहीं. कारण ठशानें तो तेथें होता एवढें सिद्ध झालें, त्यानें सुरी चालविली हें झालें नाहीं. नोंदीची मर्यादा कोर्टानें तेव्हांच ओळखली होती.

सरकारला मात्र दुसरीकडे ही मर्यादा उमगली नाहीं. १८७१ च्या कायद्यानें एकेका माणसाची नव्हे, तर अख्ख्या जमातींची नोंद गुन्हेगार म्हणून होऊं लागली. १९११ च्या कायद्यानें तें जाळें मुंबई इलाख्यांतही पसरलें. सोलापुरांत कांटेरी तारांच्या आड अशा कुटुंबांची वसाहत झाली. तिला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. मूल जन्मास येतांच संशयित ठरावें, असें तें राज्य. १९५२ मध्यें तो कायदा रद्द झाला; परंतु वहींतील शाई गेली तरी मनांतील डाग जात नाहीं. तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाका, असें सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्यें सांगावें लागलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दुसऱ्याची पोलिसांकडील नोंद मागण्याचा हक्क खासगी गृहस्थाला नाहीं. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यानेंच मागावयाचा असतो, व तो त्याच्याकडून मागून घेणें हाच सरळ मार्ग होय. कोर्टांतील खटले मात्र उघड्यावर चालतात. त्यांची स्थिति ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नांवानें पाहतां येते. नाजूक प्रकरणें वगळून फिर्यादीची पहिली खबर २४ तासांत संकेतस्थळावर ठेवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. निवडणुकीच्या उमेदवाराला तर आपल्यावरील खटले शपथेवर जाहीर करावेच लागतात. मतदारानें तें प्रतिज्ञापत्र अवश्य वाचावें.

परंतु वाचतांना दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली, नांवावरून केलेला शोध म्हणजे बर्तियोंच्याही पूर्वींची स्थिति. एका नांवाचे दहा इसम एकाच शहरांत सांपडतील. वडिलांचें नांव, वय व पत्ता जुळल्याखेरीज कोणाला बोल लावूं नये. दुसरी, अटक म्हणजे आरोप. दोष ठरतो तो निकालानें. म्हणून खटला आढळला तर निकालापर्यंत वाचावें, आणि त्या मनुष्यालाही त्याची बाजू विचारावी. २०२२ च्या कायद्याप्रमाणें ठसे व मापें ७५ वर्षें जतन करावयाचीं आहेत; परंतु पूर्वीं शिक्षा न झालेला मनुष्य निर्दोष सुटला, तर कोर्टाचा वेगळा हुकूम नसल्यास तीं नष्ट करावीं, असेंही तोच कायदा सांगतो. सरकारी दप्तरानें जें विसरावयाचें, तें शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं जन्मभर घोकीत बसावें काय, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा.