बायकोचा मान ते स्वतःचा हुद्दा

आपण ‘मी आले’ म्हणतो, भाऊ ‘मी आलो’ म्हणतो. बोलणारी बाई की पुरुष, ते एका शब्दात कळतं. स्पॅनिश भाषेतही दमलेली बाई स्वतःला ‘कान्सादा’ म्हणते आणि पुरुष ‘कान्सादो’. आपलं ‘आम्ही’ मात्र सगळ्यांना एकच. तिकडे नुसत्या बायका असल्या तर ‘नोसोत्रास’ आणि त्यांच्यात एक जरी पुरुष आला, की व्याकरणाच्या नियमाने ‘नोसोत्रोस’.

हुद्द्यांचं काय? आपल्याकडे पाटलीणबाई म्हणजे पाटलांची बायको. तशी स्पेनमध्ये पूर्वी ‘आल्काल्देसा’ म्हणजे नगराध्यक्षाची बायको असायची. ‘प्रेसिदेंता’ हा शब्द स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात १८०३ सालीच आला. त्याचे अर्थ दोन होते: अध्यक्षाची बायको, किंवा एखाद्या समूहाची प्रमुख बाई. पण बायका खुर्चीवर बसत नव्हत्या, तोवर ऐकणाऱ्याच्या मनात बायकोच यायची.

शब्दांना मान्यता देणारी ही अकादमी १७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झाली. १८५३ मध्ये कवयित्री गेर्त्रुदिस गोमेस दे आवेयानेदा यांना तिथे जागा नाकारली, कारण त्या बाई होत्या. पुढे लेखिका एमिलिया पार्दो बासान यांनाही दार बंदच राहिलं. मारिया मोलिनेर या ग्रंथपाल. नोकरी आणि घर सांभाळून वर्षानुवर्षं त्यांनी एकटीने शब्दांची टिपणं काढली. १९६६-६७ मध्ये त्यांचा मोठा शब्दकोश दोन खंडांत निघाला. तरी १९७२ मध्ये त्यांची निवड झाली नाही. अखेर १९७८ मध्ये कवयित्री कार्मेन कोंदे निवडून आल्या. पूर्ण सदस्य झालेली ही पहिली बाई. त्याला २६५ वर्षं लागली!

दरम्यान खुर्च्यांवर बायका येऊ लागल्या. अर्जेंटिनात २००७ साली निवडून आलेल्या क्रिस्तिना फर्नांदेस यांनी ‘प्रेसिदेंता’च म्हणा, असा आग्रह धरला. ‘प्रेसिदेंते’ हा शब्द दोघांनाही चालतो, मग वेगळा कशाला, असं म्हणणारे होतेच. १ ऑक्टोबर २०२४ रोजी क्लाउदिया शेनबाम मेक्सिकोच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनीही हाच शब्द मागून घेतला.

शब्द दोनशे वर्षं जुनाच होता. बायका त्या जागी बसल्या, तेव्हा त्याचा बायकोचा अर्थ मागे पडला.

मैत्रिणींनो, आपल्या गटात कुणी अध्यक्ष लिहितं, कुणी अध्यक्षा. दोन्ही चालेल. पण सभेच्या वहीत हुद्द्यापुढे नाव ‘अमक्यांच्या सौ.’ असं नको. तिचं स्वतःचं नाव लिहू या, आणि सही तिचीच घेऊ या.