मुंबई हाय तेलक्षेत्र

मुंबई हाय (पूर्वीचे नाव बॉम्बे हाय) हे अरबी समुद्रात मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर असलेले खनिज तेल व नैसर्गिक वायूचे क्षेत्र आहे. ते तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या (ओएनजीसी) ताब्यात आहे. येथे समुद्राची खोली सुमारे ७५ मीटर असून तेल मुख्यतः तळाखालील चुनखडकाच्या थरांत आढळते.

शोध व वाहतूक

१९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने येथे भूकंपीय सर्वेक्षण झाले. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. तेल व वायू नळवाहिन्यांनी किनाऱ्यावर आणले जातात. मुंबईत शुद्ध झालेले इंधन हिंदुस्थान पेट्रोलियमच्या मुंबई–पुणे–सोलापूर वाहिनीतून सोलापूरजवळच्या पाकणी येथील आगारापर्यंत पोहोचते. मुंबईच्या कारखान्यात आयात तेलही शुद्ध केले जात असल्याने पाकणीच्या डिझेलमध्ये मुंबई हायचा वाटा वेगळा काढता येत नाही.

आव्हाने

१९८० च्या दशकातील उच्चांकानंतर उत्पादन घटत गेले. दाब टिकवण्यासाठी थरांत पाणी सोडले जाते. परंतु चुनखडकाची सच्छिद्रता सर्वत्र सारखी नसल्याने हे पाणी सोप्या वाटेने विहिरींत शिरते व काही तेल मागेच राहते. समुद्रातील जुन्या वाहिन्या आणि मंच गंजतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने त्यांच्या दुरुस्तीची बहुतेक कामे ऑक्टोबर ते मे या काळात उरकावी लागतात.

२७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील जखमी कर्मचाऱ्याला उत्तर मुंबई हायच्या मंचावर हलवले जात होते. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उपलब्ध नव्हते. जहाज मंचाला धडकून वायू वाहून नेणारी उभी नळी फुटली, आग भडकली आणि मंच कोसळला. या दुर्घटनेत २२ जणांचा मृत्यू झाला, तर ३६२ जणांना वाचवण्यात आले. मे २०२१ मध्ये, कामाचा हंगाम संपत आला असताना, तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा निवासी तराफा बुडाला. त्यावरील मृतांत बहुतेक कंत्राटी कामगार होते. किनाऱ्यावर परतण्याचा निर्णय कोणी व केव्हा घ्यावा, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला.

भवितव्य

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो, त्यामुळे जुन्या क्षेत्रातून मिळणाऱ्या वाढीव तेलालाही महत्त्व आहे. २०२५ मध्ये ओएनजीसीने तांत्रिक सेवेसाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची दहा वर्षांकरिता निवड केली. या काळात तेल व वायूचे एकत्रित उत्पादन पायाभूत पातळीपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असे बीपीने सूचित केले आहे. नवे तेलसाठे शोधण्यापेक्षा जुन्या थरांतील तेल काढण्यावर या कराराचा भर आहे.