तळटीप १४ : व्हेरेटचा ‘नवा डाव’

१४. जेसन व्हेरेट (जन्म १९९१) : अमेरिकन फुटबॉलमधील कॉर्नरबॅक, म्हणजे मैदानाच्या कडेला प्रतिस्पर्ध्यांच्या पास झेलणाऱ्या खेळाडूला रोखणारा बचावपटू. २०१४च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) सॅन डिएगो चार्जर्सने त्याला पहिल्या फेरीत, २५व्या क्रमांकावर घेतले. २०१५च्या हंगामातील खेळावर ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. २०१६मध्ये त्याच्या गुडघ्यातील अस्थिबंध फाटला, तर २०१८मध्ये टाचेमागची कंडरा तुटली. मार्च २०१९मध्ये तो सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्समध्ये गेला. मजकुरातील ‘नवा डाव’ तो हाच. तेथे २०२०मध्ये तो १३ सामने खेळला. २०२१च्या पहिल्याच सामन्यात मात्र गुडघा पुन्हा दुखावून त्याचा हंगाम संपला.