लक्ष्मी रस्ता : दिंडीच्या पायाखालचा आणि चाकाखालचा



आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. पुस्तक काढायचे ठरले तेव्हा मंडळींनी आम्हाला सांगितले, महाराज, तुम्ही पुण्याच्या रस्त्यावर लिहा. आम्ही शिकलो चौथी. कीर्तनात दोन तास बोलायला सांगा, बोलू, पण लिहायचे म्हटले की हाताला घाम फुटतो. तरी लिहायला बसलो, त्याला कारण आहे. गेल्या बैठकीत तरण्या पोरांनी एक विषय काढला. पुण्यात गर्दी फार, म्हातारी माणसे चेंगरतात, मग पुण्याचा टप्पा गाडीने उरकावा आणि हडपसरपासून चालावे. बैठकीत त्यावर दोन तट पडले. म्हणून आधी हा रस्ता काय आहे ते सांगतो, मग आमचे म्हणणे सांगतो.

माउलींची पालखी आळंदीहून निघते. दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी करून पुण्यात शिरते. तुकोबारायांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाहून पिंपरी, दापोडी, वाकडेवाडी असे करत येते. फर्ग्युसन रस्त्याने येऊन खंडुजीबाबा चौकात आले की समोर मुठा नदी आणि लकडी पूल. पुलापलीकडे अलका टॉकीजचा चौक, त्याला टिळक चौकही म्हणतात. तिथून लक्ष्मी रस्ता लागतो. डाव्या हाताला नारायण पेठ, उजव्या हाताला सदाशिव पेठ. कुंटे चौक, गणपती चौक, बेलबाग चौक, सोन्या मारुती चौक करत रस्ता पूर्वेला नाना पेठेकडे जातो. तुकोबारायांचा मुक्काम नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींचा भवानी पेठेत पालखी विठोबाला. तिथून निघाल्यावर हडपसरला वाटा फुटतात. माउली दिवे घाटाने सासवडला, तुकोबाराय लोणी काळभोरला.

तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा उभा केला. म्हणजे बघा, रस्त्याला आजचे नाव पडायच्या कितीतरी आधीपासून वारकऱ्याचा पाय या पेठांतून पडतोय.

लकडी पुलाचे असे सांगतात की, पानिपत झाल्यावर, १७६१ च्या सुमाराला, नानासाहेब पेशव्यांच्या वेळी तो लाकडाचा बांधला. लढाईतून हरून आलेल्या लोकांना वाजतगाजत गावात यायचे नव्हते, खाली मान घालून यायचे होते, त्यांच्यासाठी हा पूल. लाकूड पुढे गेले, दगड आला. सरकारी नाव संभाजी पूल. पण लोकांच्या तोंडी लकडी तो लकडीच. आम्ही कीर्तनात सांगतो, देह बदलला तरी नाम राहते, त्याला दाखला हाच.

या पुलाची एक आठवण आमचे वडील सांगत. १९६१ साल. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या आणि पाठोपाठ १२ जुलैला, ज्येष्ठातल्या अमावास्येला, पानशेतचे धरण फुटले. खडकवासला फुटले. लकडी पुलावरून पाणी गेले, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. वडील तेव्हा वारीत पुढे चालत होते. कोणीतरी सांगत आले, पुणे वाहून गेले. ज्या घरांनी चार दिवसांपूर्वी चहा पाजला, पाय चेपले, त्यातली किती राहिली कोणाला ठाऊक. त्या रात्री मुक्कामावर कोणी भाकरीला हात लावला नाही म्हणत. पुढच्या वर्षी दिंडी लकडी पुलावर आली तेव्हा विणेकऱ्याने आपणहून पाऊल थांबवले. घटकाभर नुसते नामस्मरण झाले, मग पुढे.

आता चाकाचे सांगतो. पुणे म्हणजे पूर्वी टांगे आणि सायकली. मग सिल्व्हर ज्युबिली मोटर्सच्या गाड्या आल्या. १९५० साली पुण्याला महापालिका झाली आणि त्याच साली पीएमटी निघाली. लक्ष्मी रस्ता वाहनांना एकेरी आहे. क्वार्टर गेटच्या अंगाने गाड्या येतात आणि अलका टॉकीजकडे जातात, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला. अनंत चतुर्दशीला मानाचे गणपतीही मंडईकडून येऊन याच रस्त्याने पश्चिमेला जातात. वारकरी मात्र उलटा चालतो. नदीकडून येतो आणि पूर्वेला जातो. वर्षभर ज्या रस्त्यावर गाडीला तोंड फिरवता येत नाही, तिथे एक दिवस दिंडी समोरून येते आणि सगळी चाके बाजूला होतात. पोलीस, कंडक्टर, सराफ, हमाल, सगळे हात जोडून उभे राहतात. हा मान पायाला आहे.

आमची पहिली वारी बहात्तरची. पाऊस नव्हता, विहीर कोरडी. वडील म्हणाले, घरी राहून काय खाशील, चल, वारीत भाकरी तरी मिळेल. आमचे वय बारा. सोन्या मारुती चौकात गर्दीत वडिलांचा हात सुटला. दिंडी पुढे निघून गेली. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसून रडत होतो. खाकी कपड्यातला एक पीएमटीचा कंडक्टर ड्युटी संपवून घरी चालला होता. त्याने विचारले, "काय रे, कोणाचा तू?" आम्हाला गावाचे नाव सांगता येईना, पण वडिलांनी दिंडीचा नंबर पाठ करून घेतला होता, तो सांगितला. "रथाच्या पुढं का मागं?" तेही सांगितले. त्याने आधी भजी घेऊन दिली, मग बोटाला धरून विचारत विचारत मुक्कामावर आणून सोडले. वडील त्याच्या पाया पडले, तो वडिलांच्या पाया पडला. नाव विचारायचे राहून गेले. त्या दिवसापासून खाकी कपड्यातला माणूस दिसला की आमचा हात आपोआप जोडला जातो.

पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ साली एक झाली, आता पीएमपी म्हणतात. २०२० आणि २०२१ ची दोन वर्षे तर कोणी विसरणार नाही. रोगराईमुळे पायी वारी बंद. संतांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरीला गेल्या. आम्ही घरी बसून डोळे पुसले. पण एक कळले, वेळ पडली तर माउलीसुद्धा एसटीत बसते. त्यात कमीपणा नाही.

त्याच २०२१ साली ११ डिसेंबरला महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद, फक्त चालणाऱ्यांना मोकळा. ऐकून आम्हाला हसू आले. वारकऱ्यांचा पादचारी दिन तिथे किती पिढ्या चाललाय!

मग मेट्रो आली. लकडी पुलावरून आडवा मेट्रोचा पूल गेला, आता पताका त्याच्या खालून जातात. २०२४ च्या सप्टेंबरात जमिनीखालची गाडी मंडई, स्वारगेटपर्यंत सुरू झाली. यंदा आमचा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस चालू नका. पोरांनी शिवाजीनगरला मेट्रोत बसवले. मुठेच्या पाण्याखालून गाडी गेली, तिसऱ्या स्टेशनाला मंडई. दिंडीला जिथे तास न् तास लागतात तिथे आम्ही चहा निवायच्या आत पोचलो. खरे सांगतो, मनातून लाज वाटली. गळ्यात तुळशीची माळ आणि बुडाखाली गार खुर्ची.

जिना चढून वर आलो, लंगडत बेलबाग चौकात गेलो आणि लोकांत उभे राहिलो. त्रेपन्न वर्षांत प्रथमच आम्ही दिंडी समोरून बघितली. चालताना आपल्याला पुढच्याची पाठ दिसते, आपण कसे दिसतो ते कळत नाही. शेजारी एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. नातीने उचलून आणली होती. म्हणाली, "पंढरीला जाणं काही झालं नाही हो. हा चौक हेच माझं वाळवंट." पहिला टाळ ऐकू आला तशी ती उठून उभी राहिली. आमच्या दिंडीतली तुळशीवाली पुढे आली तेव्हा म्हातारीने तुळशीला हात लावला आणि तो नातीच्या डोक्यावरून फिरवला. आम्ही तिथेच ओळखले की हा टप्पा आपला एकट्याचा नाही.

म्हणून पोरांनो, आमचे म्हणणे ऐका. ज्याचा गुडघा गेला, जिला धाप लागते, ज्या बाईच्या कडेवर लेकरू आहे, त्यांना बसमध्ये बसवा, मेट्रोत बसवा, तिकीट दिंडीच्या पैशातून काढा. त्यांची वारी मोडत नाही. पण वीणा, पताका, तुळस आणि धडधाकट पाय लक्ष्मी रस्त्यावरून चालतच गेले पाहिजेत. आपण गाडीने गेलो तर आपले दोन तास वाचतील, पण त्या म्हातारीचे वर्ष जाईल. आणि एखादे पोर चुकले तर त्याला नंबर पाठ असावा, एवढे मात्र घरून करून आणा.

पुढच्या ज्येष्ठात गुडघा बरा असला तर आम्ही लकडी पूल चालून येऊ. नसला तर बेलबाग चौकात उभे राहू. तुळस तेवढी आमच्या बाजूने आणा.

रामकृष्णहरी.