आठ कॅसेटी आणि एक निळं खोकं

(पोस्ट मोठी आहे. रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.)

गेल्या आठवड्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. मूळची आपल्या गावचीच. म्हणाली, "काका, २००५ च्या महापुरात तुम्ही आमच्या आजोबांची मुलाखत घेतली होती, केबलवर दाखवली होती. आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा बोलतानाचा एकही व्हिडिओ घरात नाही. ती कॅसेट मिळेल का?"

ती मुलाखत मला लख्ख आठवते. आजोबा माळ्यावर बसून होते, हलायला तयार नव्हते. खाली कमरेएवढं पाणी. भिंतीवरच्या खुणा दाखवत ते सांगत होते, कुठल्या साली नदी कुठल्या पायरीपर्यंत आली होती. वीसेक मिनिटं बोलले. आम्ही त्यातली दोन मिनिटं दाखवली.

आणि कॅसेट? त्याच कॅसेटवर महिन्याभरात गणपतीची मिरवणूक शूट केली. मीच केली. केबलच्या बातम्यांसाठी आमच्याकडे मोजून आठ मिनी-डीव्ही कॅसेटी होत्या. नवीन मागितली की उत्तर ठरलेलं, "रिवाइंड करा आणि वरून घ्या." त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

मुलीला खरं ते सांगितलं. "असू दे काका," म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. ती आपल्याकडची नाही, लंडनची आहे. पण सांगतो, कारण शेवटी ती आपल्याच दारात येते.

बीबीसीची 'डॉक्टर हू' नावाची एक मालिका आहे. काळातून आणि अवकाशातून भटकणारा एक विक्षिप्त म्हातारा, आणि त्याचं यान म्हणजे एक निळं खोकं. आपल्या पिढीने दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' आणि पुढे 'कॅप्टन व्योम' पाहिली, सेटला हसत हसत पाहिली. त्या जातीच्या मालिकांची ही पणजी समजा. पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींचा खून झाला होता. सगळं जग त्या बातमीत बुडालेलं, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

मालिकेची कल्पना मुळात वेळ भरून काढण्याची. शनिवारी दुपारचा खेळांचा कार्यक्रम संपायचा आणि संध्याकाळी तरुणांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू व्हायचा. मधल्या वेळात घरातले सगळे एकत्र बसून पाहतील असं काहीतरी हवं होतं. सिडनी न्यूमन हे कॅनडाचे गृहस्थ तेव्हा बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख होते. त्यांना मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवणारी मालिका हवी होती. म्हणून डॉक्टरसोबतच्या पात्रांमध्ये एक विज्ञानाचा शिक्षक आणि एक इतिहासाची शिक्षिका. न्यूमनसाहेबांची एक ताकीद होती: बटबटीत डोळ्यांचे राक्षस अजिबात नकोत.

काम कुणाकडे दिलं बघा. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय २७. बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा दुसरी स्त्री निर्माती नव्हती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन. जन्म लखनौचा, वय २४, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. म्हणजे सूट-टायवाल्या साहेबांच्या त्या कचेरीत एक तरुण बाई आणि एक आपल्या देशातला मुलगा. अशांना चांगलं काय मिळणार? मिळाला लाइम ग्रोव्हमधला 'डी' स्टुडिओ. जुना, अरुंद, कोंदट. दिव्यांची उष्णता इतकी व्हायची, की आग लागली असं समजून छतावरचे पाण्याचे फवारे सुरू व्हायचे. एका भागाचं बजेट अडीच हजार पाउंडांच्या आत. त्यात परग्रह दाखवा, अश्मयुग दाखवा आणि यानही दाखवा.

पहिला भाग सप्टेंबरात चित्रित झाला. न्यूमननी पाहिला आणि पुन्हा करायला लावला. यानाची दारं नीट बंद होत नव्हती, प्रसंग चालू असताना मागे धडधड वाजत होती. डॉक्टरही फारच खडूस वाटत होता. ऑक्टोबरात सगळं नव्याने केलं. आपल्याकडे असं झालं असतं तर कुणाची तरी खुर्ची गेली असती. इथे दोघंही टिकले.

आता जुगाड बघा.

यान कसं दाखवायचं? कथेत ते जिथे उतरेल तिथल्यासारखं रूप घेतं. पण दर वेळी नवं यान बांधायला पैसा कुठला? तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांना फोन करण्यासाठी निळी खोकी असायची. यान तसंच दाखवलं आणि कथेतच सांगून टाकलं, की रूप बदलायचं यंत्र बिघडलंय. बाहेरून एवढंसं खोकं, आत मोठी खोली. पैसे वाचवायला काढलेली ही पळवाट साठ वर्षांनंतरही मालिकेची ओळख आहे.

संगीत रॉन ग्रेनर यांनी लिहिलं, पण ते घडवलं डेलिया डर्बीशायर या बाईंनी, बीबीसीच्याच ध्वनीच्या कार्यशाळेत. आजच्यासारखा सिंथेसायझर नव्हता. त्यांनी एका तारेचा आवाज टेपवर घेतला, उपकरणं तपासायच्या यंत्राचे सूर घेतले, त्यांचा वेग कमीजास्त केला, ब्लेडने टेपचे तुकडे कापले आणि एकेक सूर चिकटवत गेल्या. ग्रेनर यांनी ते ऐकलं आणि श्रेयात, पैशात त्यांना वाटा द्यायची तयारी दाखवली. पण नियम आडवा आला. कर्मचाऱ्याचं नाव द्यायचं नाही. बाई २००१ मध्ये गेल्या. त्यांचं नाव पडद्यावर आलं २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीला.

यान सुटतानाचा तो घरघरणारा आवाज? ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या जाड तारांवर आईच्या घराची किल्ली घासली आणि तो आवाज टेपवर फिरवला. सुरुवातीची पांढरी धुरकट चित्रं? कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवला, की पडद्यावर आपोआप लाटा उठतात. ज्याला आपण बिघाड म्हणू तेच त्यांनी शीर्षक म्हणून वापरलं.

आणि मग आले डालेक. लेखक टेरी नेशन, रूप दिलं रेमंड कुसिक या नोकरीतल्या डिझायनरने. लोखंडी घंटेसारखा राक्षस. आत एक माणूस बसलेला, पायाने ढकलत तो पुढे न्यायचा. आणि हात? मोरी तुंबली की आपण दांड्याला लावलेली रबरी वाटी वापरतो ना, तीच. असे चारच डालेक बांधता आले. गर्दी दाखवायची वेळ आली तेव्हा मागे त्यांचे पूर्ण आकाराचे फोटो उभे केले. वरिष्ठांना हे प्रकरण पसंत नव्हतं, कारण राक्षस नको हे आधीच सांगितलं होतं. पण दुसरी संहिता तयार नव्हती. लॅम्बर्टबाई अडून बसल्या आणि डालेक पडद्यावर आले. पहिला भाग साधारण ४४ लाख लोकांनी पाहिला होता. डालेकांची कथा संपेपर्यंत हा आकडा एक कोटीच्या वर गेला. गल्लीगल्लीत पोरं डालेकसारखी बोलू लागली. नेशन यांना हक्काचा पैसा मिळत गेला. कुसिक नोकरदार, त्यामुळे त्यांना त्यात वाटा नाही. हे वाचताना आपल्याकडची किती नावं आठवली, ते सांगत नाही.

आठवड्याचं गणितही ऐका. चार दिवस कुठल्या तरी हॉलमध्ये तालीम, पाचव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, एका दमात चित्रीकरण. टेप कापणं महाग, म्हणून कट मोजकेच. विल्यम हार्टनेल हे वयस्कर नट डॉक्टर होते, कधी वाक्य चुकायचे. चूक तशीच राहायची, समोरचा नट सावरून घ्यायचा. १९६६ मध्ये हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. मालिका बंद करायची का? त्यांनी कथेतच सोय काढली: डॉक्टर मरत नाही, त्याचं शरीर बदलतं. पॅट्रिक ट्राउटन नवे डॉक्टर झाले. ही सोयसुद्धा अडचणीतूनच आलेली, आणि आज मालिका जिवंत आहे ती तिच्यामुळेच.

इथपर्यंत ही कमी पैशात मोठं काम करणाऱ्यांची गोष्ट आहे. आपल्याला अशी गोष्ट आवडते, आपण टाळ्या वाजवतो. पण काटकसरीला दुसरी बाजू असते. आता ती.

व्हिडिओ टेप तेव्हा फार महाग. एकदा कार्यक्रम लागून गेला की टेप पुसून पुन्हा वापरायची, हा रिवाज. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे जुने भाग वाटेल तेव्हा पुन्हा दाखवता येत नव्हते. पुढे रंगीत टीव्ही आला, मग काळ्यापांढऱ्याला कोण विचारतो? परदेशी विकायला टेपवरून फिल्मच्या प्रती काढल्या होत्या, सत्तरच्या दशकात जागा अडते म्हणून त्याही टाकून दिल्या. कुणी दुष्टपणा केला नाही. एका विभागाला वाटलं दुसऱ्याकडे प्रत असेल, दुसऱ्याला वाटलं पहिल्याकडे. १९७८ च्या सुमारास हे थांबलं. तोवर पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी शंभराहून जास्त भाग बीबीसीच्या स्वतःच्या कपाटात उरले नव्हते. शोधाशोध करून बरेच परत मिळाले, तरी नव्वदहून अधिक भागांची चित्रफीत आजवर हाती लागलेली नाही. शुक्रवारी रात्री घामाघूम होऊन केलेलं काम असं गेलं.

मग वाचलं ते कसं वाचलं? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे. एकूण एक भागाचा. कारण काही शाळकरी पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर टीव्हीचा आवाज भरून ठेवला होता. कशासाठी? आवडतं म्हणून. जॉन क्युरा नावाचा एक छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून ते कलाकारांना विकायचा. आज अनेक भागांत काय दिसत होतं ते त्या फोटोंवरूनच कळतं. ऑस्ट्रेलियात सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून काही तुकडे कापले होते. भाग गेले, कापलेले तुकडे मात्र सरकारी दप्तरात नीट राहिले आणि १९९६ मध्ये सापडले. दोन भाग मिळाले लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात. एक पूर्ण कथा हाँगकाँगहून आली. आणि २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात, एका टीव्ही केंद्राच्या खोलीत धूळ खात पडलेले नऊ हरवलेले भाग सापडले.

ती नायजेरियाची बातमी आली तेव्हा मी डेस्कवर होतो. आतल्या पानावर दोन कॉलम लावली आणि चहाला गेलो. आपल्या आठ कॅसेटी तेव्हा आठवल्या नाहीत. त्या मुलीच्या फोनने आठवल्या.

२०१९ ला आपल्याकडे पुन्हा पाणी आलं. पूररेषा कुठून धरायची यावरून बैठकीत किती वाद झाला, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. जुनं पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे सांगायला प्रत्येक जण आपापली भिंत दाखवत होता. त्या आजोबांनी सालवार सांगितलं होतं, खुणेवर बोट ठेवून. ती वीस मिनिटं असती तर वाद मिटला असता असं म्हणत नाही. पण टेबलावर ठेवायला काहीतरी असतं. तो घरही आता पाडून नवा झाला. खुणा गेल्या, आजोबा गेले, आणि कॅसेटवर लेझीम आहे.

बीबीसीएवढी मोठी संस्था स्वतःचं जपू शकली नाही. मग आपल्या गावचं कोण जपणार? नगरपालिका? केबलवाले? आम्ही पत्रकार? आमचं तर वर सांगितलंच. जपलं तर घराघरांतूनच जपलं जाईल. आणि आपण आज काय करतोय? २०१९ आणि २०२१ च्या पुराचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनमध्ये होते. 'स्टोरेज फुल' आलं की आपण पहिले तेच उडवतो. रिवाइंड करा आणि वरून घ्या, दुसरं काय?

म्हणून एक विनंती. कपाटावर, माळ्यावर, ट्रंकेत जुन्या कॅसेटी असतील तर बघा. लग्नाच्या असोत, गणपतीच्या असोत, शाळेच्या गॅदरिंगच्या असोत. लग्नाच्या कॅसेटमध्ये मागे जुनी पेठ दिसते, पाडलेला वाडा दिसतो, गेलेली माणसं चालताना दिसतात. बुरशी लागण्याआधी त्या उतरवून घ्यायला हव्यात, कारण त्या चालवणारी यंत्रंही आता मिळेनाशी झालीत. माझ्याकडे एक व्हीएचएस प्लेअर आणि जुना मिनी-डीव्ही कॅमेरा अजून चालू आहे. रविवारी सकाळी घेऊन या, कॉम्प्युटरवर उतरवून देतो. पैसे नकोत. एक प्रत तुमच्याकडे, एक माझ्या हार्ड डिस्कवर, आणि जमलं तर एक वाचनालयात. एकाच ठिकाणी ठेवलेलं टिकत नाही, हे तर आपण आत्ताच पाहिलं.

आणि २००५ च्या त्या आठवड्यात आमच्या केबलच्या बातम्या कुणी घरी व्हीसीआरवर भरून घेतल्या असतील, तर मला फोन करा. रात्री-अपरात्री करा. दोन मिनिटं मिळाली तरी चालतील. पुण्याला एका मुलीला पाठवायची आहेत.